घडी माझ्या हातची

२ नोव्हेंबर

टकळे,

रुसवा सोडला, असं समज. सोडला म्हणजे टाकून दिला नाही. घडी करून कपाटात ठेवलाय, लागेल तेव्हा काढीन. तुझा बाप गेला तेव्हा तू आली नाहीस, त्यावर मी दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही. माझ्यासारखी बाई दोन वर्षं गप्प बसली म्हणजे घरातल्यांचे काय हाल झाले असतील, ते धाकटीला विचार. आता तोंड उघडायचं कारण तीच आहे. तुझ्याच वाटेला निघाली आहे.

हे पत्रही तीच लिहून घेते आहे. तेव्हा तिच्याबद्दल जे वाईट सांगायचं ते मी हळू आवाजात सांगेन. (हेसुद्धा लिहिलं तिने. बघ कशी आहे.)

महिनाभर आमच्या घरात अर्जांचं राज्य आहे. टेबलावर कागद, पलंगावर कागद, मी ताटली मांडीवर घेऊन जेवते. मला ही पीएचडी का करायची आहे, हे म्हणे दोन पानांत लिहून द्यावं लागतं. तिने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. त्यात होतं की लहानपणापासून पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी मी भारावून गेले होते. मी म्हटलं, लहानपणी तू पाणी बघितलं की पलंगाखाली लपायचीस, मला पाय धरून ओढून काढावं लागायचं, तेही घाल. म्हणाली, आजी, तिथे असं लिहीत नाहीत. खरं लिहीत नाहीत का, मी विचारलं. म्हणाली, खरंच लिहितात, पण इस्त्री करून. हे मला पटलं. मी आणि तुझ्या आजोबांनी जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली, आत काय फाटलंय ते आम्हाला ठाऊक असायचं आणि बाहेर रस्त्यावर माणूस राजासारखा चालायचा.

मग गाईड शोधणं. ज्या माणसाला उभ्या जन्मात बघितलं नाही त्याला लिहायचं की आपला अमुक लेख वाचला, आवडला, आपल्याकडे पुढच्या वर्षी जागा आहे का. आणि प्रत्येकाला वेगळं लिहायचं. एकच मजकूर सगळ्यांना पाठवला तर त्यांना लगेच वास येतो म्हणे. एकाने जागा नाही म्हणून कळवलं. एक रजेवर आहे, तसं त्याच्या यंत्राने कळवलं. बाकीचे गप्प. आमची पोरगी रोज सकाळी दात घासायच्या आधी फोन बघते आणि तोंड पाडून दात घासते.

तू उन्हाळ्यात फोनवर म्हणाली होतीस म्हणून तिने तुझ्या सरांनाही लिहिलं. त्यांचं उत्तर माझा चहा निवायच्या आत आलं. लांबलचक आणि गोड. त्यात एक वाक्य होतं, "तुझी बहीण माझ्याकडे आहे, म्हणजे तूही घरचीच." धाकटी खोलीभर नाचली. मलाही बरं वाटलं. नंतर भांडी घासताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि तितकं बरं वाटलं नाही. का, ते सांगता येत नाही.

तू मला सांग, सर कसे आहेत. तिला नको, मला सांग. आणि इतकी वर्षं झाली, तुझा प्रबंध अजून का संपत नाही, तेही सांगून टाक.

तुझी,
आजी

अक्षर धाकटीचं, शहाणपण माझं.


२१ नोव्हेंबर

टकळे,

तुझं पत्र पोचलं. धाकटीने वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत पोचली तेव्हा मी म्हटलं, आता माझ्या नातीचं पत्र वाच.

तुला टकळी हे नाव मी ठेवलं, कारण तू बोलायला लागलीस की थांबायची नाहीस. शाळेतून यायचीस ती गोष्टीच्या मधूनच सुरू व्हायचीस, कोण पडलं, कोण रडलं, ते आम्ही मागाहून जुळवायचो. या पत्रात कोणी पडत नाही. कोणाचं काही सांडत नाही. "आजीस सादर नमस्कार. येथे सर्व कुशल. सर आम्हांस पालकांच्या ठिकाणी आहेत. येथे वेळेचे भान राहत नाही." अगं, मला सादर नमस्कार? तू मला म्हातारे म्हणायचीस.

पुढचं ऐक. कॉलेजातल्या बाईंनी धाकटीला सल्ला दिला की ज्या गाईडकडे जायचं त्याच्या जुन्या-नव्या विद्यार्थ्यांना आधी विचारावं. तिने विचारलं. तिघांची उत्तरं आली. मी मटार सोलत होते आणि ती एकेक वाचत होती. दुसरं संपल्यावर मी म्हटलं, हे मघाशी वाचलंस. म्हणाली, नाही आजी, हे दुसऱ्याचं आहे. तिसऱ्यालाही तेच. सर पालकांसारखे, वेळेचं भान राहत नाही. आणि चौथं तुझं.

मला वाचता येत नाही, म्हणून जन्मभर दुसऱ्याच्या हातून लिहवून घेत आले. सांगून लिहवलेलं पत्र मला ऐकून कळतं. सांगणारा मध्ये थांबतो, लिहिणाऱ्याचा हात पोचेपर्यंत, म्हणून त्यातली वाक्यं तोकडी पडतात. धाकटी हसली. म्हणाली, चांगल्या माणसाबद्दल सगळे सारखंच बोलतात. मी म्हटलं, तुझ्या आजोबांबद्दल गल्लीतल्या कुठल्याही दोघांना विचार. एक त्यांच्या इस्त्रीचं कौतुक करेल आणि दुसरा त्यांच्या गाण्याला अजून शिव्या देईल. त्यांच्याइतका चांगला माणूस मी तरी बघितला नाही.

सरांनी तिला विचारलं आहे की घरी कोण कोण असतं, मध्येच घरी बोलावून घेईल असं कोणी आजारी, म्हातारं आहे का. तिने लिहिलं, फक्त आजी आहे आणि ती ठणठणीत आहे. ठणठणीत असल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. आणि बाकीच्या गाईडना लिहिणं थांबव, असंही त्यांचं म्हणणं आहे, आपल्यात विश्वास हवा म्हणून. तिने थांबवलं. चार विद्यापीठांचे अर्ज अर्धे भरून पडले आहेत, मी त्यांच्यावर मटारची टोपली ठेवते. शाळा-कॉलेजची मूळ प्रमाणपत्रंही सरांना आधी पाठवायची आहेत, ते जपून ठेवतात म्हणे. माझ्या घरात काय उंदीर आहेत?

पहिल्या वर्षी तू हसत हसत सांगितलं होतंस की तिथे सगळं टपाल आधी सरांच्या टेबलावर जातं. तेव्हा सर, तुम्हालाही नमस्कार. चष्मा लावून वाचा, धाकटीचं अक्षर बारीक आहे. माझ्या थोरल्या नातीला वेळेवर जेवायला सोडत जा, ती धाकटीशी फोनवर बोलते ते मी पलीकडे बसून ऐकते, तिचा आवाज लहान झालेला वाटतो. आणि ती घरी फोन करते तेव्हा दर वेळी मागे खुर्ची कोण सरकवतं, तेवढं कळवा.

इथे धाकटीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, माझी जागा घालवशील. मी म्हटलं, लिही. आता तिने लिहिलं की नुसता हात हलवला, मला कसं कळणार. (लिहिलंय. धाकटी.)

तुझी,
म्हातारी

अक्षर धाकटीचं, आगाऊपणा माझा.


१० डिसेंबर

टकळे,

हे पत्र टपालाने आलेलं नाही. तुमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला येणारी बाई ते तुझ्या हातात देईल. अक्षर वरच्या मजल्यावरच्या नर्सचं आहे. ती दुपारी ड्यूटीवरून आली की मी तिला पकडते. भरभर लिहिते आणि मध्ये मध्ये माझी नाडी बघते.

तुमचं उत्तर मिळालं. तुमचं म्हणते, कारण त्यात होतं, "आजींचे पत्र वाचून सरांची करमणूक झाली. पुढील पत्र थोडक्यात लिहावे, असे ते म्हणतात." खुर्चीचं काही नव्हतं.

तुझ्या एका जुन्या लेखावर तुझ्या नावाशेजारी जिचं नाव आहे ती मुलगी तुला आठवत असेल. मध्येच सोडून गेली ती. धाकटीने तिलाही लिहिलं होतं, खाली घरचा नंबर घालून. तिने उत्तर दिलं नाही. परवा फोन केला. धाकटी कॉलेजात शिफारसपत्र आणायला गेली होती, फोन मी घेतला. तिने स्वतःचं नाव सांगायच्या आधी विचारलं, "तिथे कोणाची जागा रिकामी होते आहे?"

मला काय ठाऊक, मी म्हटलं.

"तिथे जागा आपोआप रिकामी होत नाही, आजी. ज्याला सुटायचं असतं त्याने आपल्या जागी कोणीतरी आणून द्यायचं. मग सर प्रबंधावर सही करतात."

ती म्हणाली, "मी कोणाला आणलं नाही. पदवी सोडून निघाले. माझी मूळ प्रमाणपत्रं अजून त्यांच्या कपाटात आहेत."

आता ती एका दुकानात बिलं करते, प्रमाणपत्रांशिवाय दुसरं काही मिळत नाही म्हणून. तुमची प्रमाणपत्रंही त्याच कपाटात आहेत, सगळ्यांची, असं म्हणाली. भांडी धुणाऱ्या बाईचं तिनेच सांगितलं. मी फोन ठेवला आणि मागे वास आला. इस्त्री चादरीवर तशीच राहिली होती. इतक्या वर्षांत माझ्या हातून कपडा जळला नव्हता.

आता विचारते. धाकटीला तुझ्या सरांना लिहायला कोणी सांगितलं? तूच. उन्हाळ्यात तू फोनवर म्हणालीस, सरांना लिही, इथे एक जागा होणार आहे. तेव्हा मी पलीकडे बसून मनात म्हटलं होतं, बरं झालं, बहिणीला बहीण हवीशी वाटते.

मी चिडलेली नाही. नर्स म्हणते, आजी, तुम्ही चिडल्या आहात. मी तिला म्हटलं, तू इंजेक्शनं देत जा, पत्रात तोंड घालू नकोस.

धाकटीला मी सगळं सांगून बघितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुला एकटं राहायची भीती वाटते, म्हणून तू असं करतेस. मला ते लागलं, कारण त्यात थोडं खरं आहे. ज्या मुलीला पदवी झेपली नाही ती असंच बोलणार, असंही म्हणाली. माझ्या शब्दावर ती थांबणार नाही. तुझ्या थांबेल. तू तिची ताई आहेस, तुझ्यासारखे केस कापून घेते ती अजून.

सर आता तुला तिच्या स्वागताचं पत्र लिहायला लावतील. फोनवाली म्हणाली, तसा तिथला रिवाज आहे. ते सांगतील ते लिही, एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस. पण आपली घडी तुला आठवते का? मला वाचता येत नाही म्हणून आजोबांनी घरात ठरवलं होतं. बाहेरून पाठवलेल्या पत्रात वाईट खबर असली की कागदाचा वरचा एक कोपरा दुमडायचा, म्हणजे वाचणारा शोधायच्या आधी मी पाणी पिऊन, भिंतीला टेकून बसायची. दोन्ही कोपरे दुमडलेले असले की वाचायची वाट बघायची नाही, चपला घालायच्या आणि निघायचं. तू शाळेच्या सहलीवरून पत्र पाठवलं होतंस, कोपरा दुमडून, आणि धाकटीने ते बघून रडून घर डोक्यावर घेतलं. निघालं काय, तर तुझा डबा हरवला होता. तिच्या ते पक्कं लक्षात आहे.

बापाच्या वेळी येता येत नाही म्हणून तू लिहिलंस, त्या कागदाचे कोपरे सरळ होते. माझा खरा राग त्यावर होता. तेव्हा तू विसरली असशील तर हे सगळं लिहिणं फुकट.

एक कोपरा दुमडलास तर धाकटी जाणार नाही, आणि तुला अजून किती वर्षं ठेवतील ते तुझ्या सरांनाच ठाऊक. कोपरे सरळ ठेवलेस तर ती येईल आणि तू सुटशील. काय कर, ते मी सांगणार नाही. तुमची आई गेली तेव्हा ही रांगत होती आणि तू माझा पदर सोडत नव्हतीस. एकीला कडेवर घेतलं की दुसरी रडायची. मला तेव्हाही निवड जमली नाही.

उत्तर त्या बाईकडे देऊ नकोस. आत येताना तिला कोणी बघत नाही, बाहेर पडताना फाटकावर पिशवी उपसतात. हे वाचून झालं की फाडून भांड्यांच्या पाण्यात सोड.

आजी

अक्षर नर्सचं, जळलेली चादर माझी.


२ जानेवारी

टकळे,

हेही त्याच बाईच्या हातून. ती म्हणते की हे शेवटचं. पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस असं तिला सांगितलंय. कारण सांगितलं नाही. तिने अजून एक सांगितलं. तुझं स्टूल लॅबमधून काढून सरांच्या खोलीत, काचेच्या आत ठेवलंय, आणि तुझ्या कपाटावर धाकटीच्या नावाची चिठ्ठी लागली आहे. आमचा अर्ज अजून घरात आहे.

तुझं पत्र परवा आलं. पोस्टमनने माझ्या हातात दिलं. मी पाकीट उघडलं नाही, टेबलावर ठेवलं आणि समोर बसून राहिले. धाकटी अर्जासाठी फोटो काढून घ्यायला गेली होती. तिची सगळी मूळ प्रमाणपत्रं तिथेच एका मोठ्या पाकिटात भरून तयार होती, वर सरांचा पत्ता.

ती आली, पाकीट फाडलं, उभ्या उभ्याच वाचायला लागली. तुझं सगळं छान होतं. सर पालकांसारखे. कपाटही तयार आहे. तू लवकर ये, मला सोबत होईल. ती वाचत होती आणि मी समोर बसून कागदाची पाठ बघत होते. उजेड तिच्या मागून येत होता. डाव्या हाताला एक कोपरा आत गेलेला, अगदी लहान, नखाने दाबून बसवलेला. माझा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला. मग उजवीकडे बघितलं.

मी म्हटलं, कागद फिरव.

तिने फिरवला. पुढचं वाक्य तिने वाचलं नाही. अंगठा कोपऱ्यावरून नेला, मग दुसऱ्यावरून. मला वाटलं रडेल, नाहीतर माझ्याशी भांडेल. तिने प्रमाणपत्रांचं पाकीट उचललं, माझ्या उशीखाली सरकवलं, दारात जाऊन चपला घातल्या आणि माझ्या चपला माझ्या पायांशी आणून ठेवल्या. म्हणाली, "ऊठ, आजी."

टकळे, मी एकाच कोपऱ्याचं लिहिलं होतं. दुसरा तू तुझ्यासाठी दुमडलास, तेही त्या काचेच्या खोलीत बसून, समोर तो माणूस. आपली घडी तू विसरली नव्हतीस. मग बापाच्या वेळी कोपरे का दुमडले नाहीस, ते मला आता कळतंय. दुमडले असतेस तर आम्ही आलो असतो, आणि धाकटीला त्यांनी तेव्हाच बघितलं असतं.

नर्सने आम्हाला जिन्यात अडवलं. म्हणाली, अशा गेलात तर फाटकातून आत कोण सोडणार आहे? खरं होतं. पोलिसांत काय सांगायचं, की कागदाचे कोपरे दुमडलेत? फोनवालीला विचारलं. तिथे फक्त निवडलेल्या मुलीला आणि तिला पोचवायला आलेल्या माणसांना सोडतात, तेही सरांनी होकार दिला तर. तेव्हा सरांना हवं आहे तसं पत्र त्यांच्या टेबलावर येईल. त्यातलं काही मनावर घेऊ नकोस. ते तुला वाचून दाखवतील किंवा हातात देतील. हातात घे, कसंही करून कागद हातात घे आणि कोपरे बघ.

ते मला ओळखतात, ही एकच भीती आहे. त्या खुर्चीच्या प्रश्नापासून ओळखतात. धाकटीने तेव्हा पेन खाली ठेवलं, तेच बरोबर होतं.

आजी

अक्षर नर्सचं. दाराशी तयार ठेवलेल्या चपला माझ्या.


६ जानेवारी

चिरंजीव थोरलीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वाचून फार आनंद झाला. सरांसारखे पालक दोघी बहिणींना लाभले, हे आमचे भाग्य. धाकटीने बाकीचे सर्व अर्ज रद्द केले आहेत. येथे सर्व कुशल आहे.

मागील पत्रात मी म्हातारपणी काहीबाही लिहवले, त्याबद्दल सरांनी राग मानू नये. या वयात जीभ ताब्यात राहत नाही.

धाकटीला पोचवायला मी स्वतः येणार आहे. तेवढी परवानगी सरांनी द्यावी. मला प्रवास झेपत नाही, म्हणून एक नर्स सोबत असेल. सामान उचलायला एक मुलगी आहे. ती पूर्वी तुमच्या भागात राहिलेली आहे, वाट तिला माहीत आहे, कोणाला त्रास पडणार नाही.

धाकटीची मूळ प्रमाणपत्रे टपालाने पाठवत नाही, वाटेत हरवतात. ती मी सरांच्या हातात देईन. कोणत्या कपाटात ठेवतात ते मला एकदा डोळ्यांनी बघू द्यावे, म्हणजे म्हातारीच्या जिवाला शांतता लाभेल.

तू जिथे बसतेस तिथेच बसून राहा. आम्ही आलो की ऊठ.

सरांना थोडक्यात आवडते, म्हणून आवरते.

आजी

अक्षर धाकटीचे. घडी माझ्या हातची.